आलं फूल, ढकल पुढं

एका गावात एक भोळा लिंबाजी होता. तसे त्या गावात भोळे पुष्कळ होते, पण ते दिवसभर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसायचे, त्यामुळं शहाणे दिसायचे. लिंबाजी म्हशी राखायचा आणि माणसांच्या तोंडाकडं बघायचा. त्यामुळं तो लगेच ओळखू यायचा.

त्याचं लग्न जमत नव्हतं. आई किसनाबाई काळजीनं वाळली होती. कुणीतरी तिला म्हणालं, "बिनमोबाइलच्या पोराला मुलगी कोण देणार?" तिनं एक म्हैस विकली आणि त्याला मोबाइल आणला.

योगायोगानं लगेच एक स्थळ चालून आलं. आई म्हणाली, "लिंबा, दगडूमामाला फोन लाव."

"बरं, आई."

मामाचं गाव टेकडीपलीकडं. लिंबाजी चालत गेला. मामा ओट्यावर बसले होते. यानं जाऊन त्यांच्या गालाला फोन लावला.

"काय रे हे?"

"आईनं लावायला सांगितलाय."

"मग बोल की."

"बोलायचं नाही सांगितलं."

हात भरून येईपर्यंत त्यानं फोन लावून धरला आणि घरी आला.

"लावलास का?"

"लावला. मामा म्हणाले, गार लागतोय."

आईनं कपाळावर हात मारला. "अरे ठोंब्या, फोन लावला की बोलायचं. समोरून आवाज आला नाही तर 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का' म्हणायचं. तरी नाही आला तर रेंज नसते. मग सरळ उघड्यावर जायचं. खूणगाठ बांध."

"बरं, आई." लिंबाजीनं उपरण्याच्या एका टोकाला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे गेनूआबा वारले. लिंबाजी गेला. आबा मधोमध निजलेले. भोवती सगळे मान खाली घालून बसलेले. दुःखानं नव्हे, जो तो आबांचा फोटो गावभर पाठवत होता. आबांशी कुणीच बोलत नव्हतं. लिंबाजीला वाईट वाटलं.

"हॅलो आबा, ऐकू येतंय का?"

आबा गप्प.

"हॅलो, हॅलो."

आबा गप्पच. तेव्हा लिंबाजीनं त्यांचे पाय धरले आणि अंगणाकडं ओढू लागला.

"अरे, कुठं नेतोस आमच्या आबांना?" थोरला मुलगा ओरडला.

"रेंजमध्ये."

घरी येताना लिंबाजीची पाठ चांगलीच शेकलेली होती.

आई म्हणाली, "अरे गाढवा, तिथं हात जोडायचे, 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हणायचं आणि निघायचं. मोबाइलवर लोक तेवढंच म्हणतात आणि जेवायला बसतात. खूणगाठ बांध."

"बरं, आई." उपरण्याला दुसरी गाठ.

त्याच आठवड्यात सुतारांकडं बारसं होतं. पाळण्यात बाळ डोळे मिटून निजलं होतं. भोवती मंडळी मान खाली घालून, मोबाइल हातात घेऊन उभी. लिंबाजीनं ओळखलं. हे दृश्य त्यानं पाहिलेलं होतं. त्यानं हात जोडले.

"भावपूर्ण श्रद्धांजली."

बाळाच्या आत्यानं मूठभर घुगऱ्या त्याच्या तोंडावर फेकून मारल्या. लिंबाजीनं त्या वेचून खाल्ल्या. चांगल्या होत्या.

आई आता टेकीला आली. "बाबा रे, परवा मुलगी बघायला जायचंय. तिथं तोंडच उघडू नकोस. चांगलं दिसलं, आवडलं, की अंगठा दाखव. मोबाइलवर सगळे अंगठाच दाखवतात. आणि हे स्थळ मोडलं, तर मी तुझ्या म्हशींशी तुझं लग्न लावीन. खूणगाठ बांध."

"बरं, आई." तिसरी गाठ.

मुलीचं नाव मंजुळा. मामा या खेपेला आपणहून आले, फोन लावायची वाट बघितली नाही. पोहे झाले. मंजुळा चहा घेऊन आली. लिंबाजीला ती इतकी आवडली, की पोहा घशातच अडकला.

मुलीचे वडील अण्णा म्हणाले, "मग पाव्हणं, पसंत आहे का मुलगी?"

लिंबाजीनं त्यांना अंगठा दाखवला.

अण्णांचा चेहरा मिरचीसारखा झाला. "ठेंगा? आमच्या दारात, आमचे पोहे खाऊन, आम्हालाच ठेंगा?"

एक कमी पडला असावा असं वाटून लिंबाजीनं दुसराही दाखवला.

मामा चपला शोधायला उठले. तेवढ्यात मंजुळा फसकन हसली. "अण्णा, ठेंगा नव्हे, ते लाइक आहे. तुम्ही मावशीच्या फोटोला रोज देता ना, तेच."

आतून मंजुळेच्या आईचा आवाज आला, "कुणाच्या फोटोला?"

अण्णांनी घाईघाईनं सुपारी फोडली. लग्न जमलं.

मंजुळा रोज सकाळी लिंबाजीला मोबाइलवर गुलाब पाठवू लागली. लिंबाजी दिवसभर त्याच्याकडं बघत बसायचा. म्हशी दुसऱ्याच्या उसात शिरायच्या.

आई म्हणाली, "अरे, आलेलं फूल असं धरून बसायचं नसतं. पुढच्याला पाठवायचं. मला आलेला गुलाब मी मामाला पाठवते, मामा अण्णांना, अण्णा फिरून मलाच. यालाच संबंध ठेवणं म्हणतात. आलं फूल, ढकल पुढं. खूणगाठ बांध."

"बरं, आई." शेवटचं टोक उरलं होतं, तिथं चौथी गाठ.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडवात माणूस मावेना. सगळ्यांचे हात वर, हातात मोबाइल, त्यामुळं अक्षता टाकायला हातच उरले नव्हते. भटजीसुद्धा मंगलाष्टका मोबाइलमध्ये बघून म्हणत होते. ते "सावधान" म्हणाले. सावध कुणीच नव्हतं. अंतरपाट सरला. मंजुळेनं लिंबाजीच्या गळ्यात हार घातला.

फूल आलं.

लिंबाजीनं हार काढला आणि पुढच्याच्या गळ्यात घातला. पुढं भटजी होते. त्यांची नजर मोबाइलमध्ये, त्यांना वाटलं मानाचा असेल.

धडाधड फोटो निघाले आणि धडाधड गेले. अंगठ्यांचा पाऊस पडला. डोळे वर करून अजून कुणी बघितलंच नव्हतं. मग अण्णांच्या मोबाइलवर मावशीचा निरोप आला, 'जावई जरा वयस्कर आहेत, पण जोडा शोभतो.'

अण्णांनी मान वर केली. मग सगळ्या मांडवानं केली.

"काय केलंस रे लिंबा?" आई म्हणाली.

"तूच म्हणालीस. आलं फूल, ढकल पुढं."

"बास," अण्णा म्हणाले. "आधी ठेंगा, आता हे. मोडलं लग्न. मंजुळे, चल घरी."

मंजुळा हलली नाही. सगळा मांडव भटजींच्या हाराकडं बघत होता. तिच्याकडं बघत उभा असलेला माणूस एकच होता, आणि त्याचा चेहरा रडवेला झाला होता. तिनं भटजींच्या गळ्यातला हार काढला, परत लिंबाजीच्या गळ्यात घातला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"हे फूल पुढं ढकलायचं नाही. हे ठेवून घ्यायचं. खूणगाठ बांधा."

"बरं," लिंबाजी म्हणाला. पण उपरण्याला टोकच उरलं नव्हतं. तेव्हा मंजुळेनं आपल्या शेल्याचं टोक पुढं केलं. लिंबाजीनं ते उपरण्यात ओवून घट्ट गाठ मारली. अण्णा बघतच राहिले. लग्न लागलं.

इतक्यात भटजींचा फोन वाजला. घरून होता. फोटो तिथंही पोचला होता. भटजीणबाईंचा आवाज फोनमधून थेट मांडवाच्या दारापर्यंत ऐकू आला. भटजी पांढरे पडले, घाम पुसू लागले, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

लिंबाजीनं त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. उपरण्याच्या गाठी एक एक करून चाचपल्या. दुसऱ्या गाठीवर थांबला. मग पुढं होऊन त्यानं हात जोडले.

"भावपूर्ण श्रद्धांजली."