चांदीची घसरगुंडी

फार पूर्वी एका नदीच्या वळणावर चांदी नावाची पाणमांजर राहायची. त्या वर्षी तिचं शेवटचं पिल्लूही मासे धरायला शिकलं आणि दूर निघून गेलं. तरी सवयीने तिने सकाळी चार मासे जास्तच धरले. खायला कुणीच नव्हतं.

"चांदीताई, तुला काय आवडतं गं?" शेजारच्या कासवाने विचारलं.

"पिल्लांना मरळ आवडायची."

"पिल्लांचं नाही, तुझं विचारलं मी."

चांदी ओशाळून काठ चढू लागली, तोच चिखलावरून पाय घसरला आणि ती पोटावर सरकत थेट डोहात पडली.

"लागलं का?" कासव घाबरलं.

लहानपणी ती अशीच दिवसदिवस घसरायची. चांदी पुन्हा वर चढली आणि या वेळी मुद्दाम घसरली.

"पुरे आता, दुपार झाली!"

"हे शेवटचं," ती हसत म्हणाली. संध्याकाळपर्यंत ती तेच म्हणत होती.