चिमाईचे विसावे

फार मागं, खडकेवाडीत दारांच्या बिजागऱ्यांआधी माणसांचे गुडघे कुरकुरत, त्या काळातली ही गोष्ट. गाव कड्यावर, पाणी खाली ओढ्यात. बाईनं डोक्यावर दोन हंडे, कमरेवर घागर घेऊन एका दमात वर यायचं, अशी रीत होती. वाटेत टेकली तर सासरची अब्रू जाई. गुडघे गेले तर फक्त गुडघे जात.

पण दुखण्याचा संशय कड्यावर कुणी घेतला नाही, हंड्यांवरही नाही. संशय आला चिमाईवर. ही म्हातारी लोकांच्या गुडघ्यांना तेल चोळायची, आणि गावात सगळ्यांत वयस्कर असून शेळीसारखी कडा चढायची. सुभानजी पाटलांच्या मनानं घेतलं, की ही चोळायच्या निमित्तानं सांध्यांतलं वंगण काढून नेते. त्यांनी तिची बुधली आणवली, स्वतःच्या गुडघ्याला तेल लावून पाहिलं. जरा बरं वाटलं.

"बघा," पाटील म्हणाले, "माझंच असल्याशिवाय इतकं मानवेल का?"

पंचांना हे पटलं. चिमाईनं आजच गाव सोडावं, असं ठरलं.

"पाटील, तरुणपणी घोड्यावरून पडून गुडघा मोडून घेतलात, तेव्हा घोडं मी उधळवलं नव्हतं," चिमाई म्हणाली. "आता त्याच गुडघ्यावर हे पोट वागवता. पाटलीणबाईंचेही गुडघे दुखतात, त्यांच्या आईचंही असंच झालं होतं. त्यांना ते माहेरून आलंय, वर वयही झालं. तरी तुम्ही त्यांच्या डोक्यावर दोन हंडे देता. मी आपली एक घागर आणते, वळणावळणाला बसते."

"वळणावर बसून काय करतेस गं?" एकानं डोळे बारीक करून विचारलं.

बसायला बसण्यापलीकडे काही कारण नसतं, हे कुणाला पटेना. ती निघाली. खरंच जाते का, हे बघायला पाटील लपत मागे गेले. असं म्हणतात, की ती जिथं जिथं टेकली, तिथं कातळ मेणासारखा खाली दबला आणि बैठक झाली.

अर्ध्या कड्यावर पाटलांचा गुडघा अडला. खाली जाववेना, वर चढवेना. नीट तपासायला हवं, असं स्वतःशी म्हणत ते एका बैठकीवर बसले. बऱ्याच वेळानं ठणका उतरला, तेव्हा त्यांनी खाली हाक मारली, "चिमाई, चुकलं आमचं. माघारी ये."

ती वळली नाही. "आधी पाटलीणबाईंच्या डोक्यावरचा भार उतरवा," एवढंच ऐकू आलं. ओढ्यापलीकडे ती दिसेनाशी झाली, ती कायमची.

त्या संध्याकाळी पाटील बसत बसत वर आले आणि बायकोचे हंडे त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवले. लोक म्हणाले, पाटलांवर करणी झाली.

आजही खडकेवाडीत नवी सून पहिलं पाणी एकाच घागरीनं आणते. सासू बरोबर जाते, आणि प्रत्येक बैठकीशी घागर उतरवून घेत म्हणते, "बस, चिमाईचा विसावा आहे." न बसता कुणी सरळ वर आलंच, तर गाव त्याच्याकडे संशयानं पाहतं.