पोतदाराचे कान

कोणत्या राज्यातली गोष्ट, ते विचारू नका. जिथे नाणं चालतं तिथे ती कुठेही घडू शकते. तर अशा एका राज्यात एक पोतदार होता. पोतदार म्हणजे नाणी पारखणारा. दर बाजाराच्या दिवशी तो चावडीसमोर एका काळ्या फरशीपाशी बसायचा. ज्याला शंका असेल त्याने आपला रुपया आणावा, पोतदाराने तो फरशीवर टाकून आवाज ऐकावा आणि म्हणावं, "खरा" किंवा "खोटा". चांदीचा रुपया खणखणीत वाजतो आणि भेसळीचा बद्द, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण भेसळ थोडी असली तर ती फक्त त्याच्याच कानाला कळायची. त्याने "खरा" म्हटलं की सावकारसुद्धा पुन्हा विचारत नसे. पोतदाराला याचा अभिमान होता, आणि तो रास्त होता.

पुढे राज्य अडचणीत आलं. प्रधानाच्या सोयऱ्याधायऱ्यांनी नवी पेठ वसवतो म्हणून खजिन्यातून भरमसाट रकमा उचलल्या होत्या. दुकानांच्या ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या, पण गिऱ्हाईक काही फिरकलं नाही आणि दुकानांत पारव्यांनी संसार थाटले. रकमा बुडाल्या. ज्यांनी बुडवल्या त्यांच्या घरच्या पंगती चालूच राहिल्या. शिपायांचे पगार मात्र तीन महिने थकले.

प्रधानाने पोतदाराला बोलावून घेतलं. "यंदा रुपयात चौथा हिस्सा तांबं घालतोय," तो म्हणाला. "वर्षभराचा प्रश्न आहे. घडी बसली की पुन्हा शुद्ध पाडू. तुम्ही फक्त 'खरा' म्हणायचं."

"ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"मग 'खोटा' म्हणा. दुपारपर्यंत बाजार उठेल, संध्याकाळी उपाशी शिपाई लुटायला निघतील. एका शब्दानं हे सगळं टळत असेल तर तुमचं काय जातंय?"

पंचाईत ही होती की प्रधान सांगत होता त्यात तथ्य होतं. माणसं घाबरली की धडधाकट बाजारही कोसळतो, हे पोतदाराने तरुणपणी शेजारच्या राज्यात पाहिलं होतं. त्याने मान डोलावली. लाचेचा एक पैसा त्याने घेतला नाही, लोकांच्या भल्यासाठी म्हणून हे केलं. लाच घेऊन केलं असतं तर निदान त्याला लाज तरी वाटली असती.

दवंडी पिटली: जुने रुपये महिन्याभरात टांकसाळीत द्यावेत आणि नवे घ्यावेत. पुढच्या बाजारी पहिला नवा रुपया फरशीवर पडला. किंचित बद्द वाजला. पोतदार म्हणाला, "खरा."

त्याच बाजारात सुपं-टोपल्या विणणारी एक बाई यायची. एकटी होती. बांबू सोलून सोलून तिची बोटं वाकडी झाली होती. अजून वर्ष-दोन वर्षं ती काम करतील, एवढाच तिचा अंदाज. म्हणून बारा वर्षं पोटाला चिमटा काढून तिने चाळीस रुपये साठवले होते. चाळीस रुपयांत दुभती म्हैस येत असे, आणि म्हैस आली की म्हातारपणाची सोय झाली.

"काका," ती फरशीपाशी येऊन म्हणाली, "लोक काहीबाही कुजबुजत्यात. आत्ता चारा महाग हाय, म्हैस दिवाळीला घ्यायची म्हनत हुते. मग रुपये बदलून ठेवू, का आजच म्हैस घिऊन टाकू?"

भोवती वीसेक माणसं कान टवकारून उभी होती. पोतदाराने "आजच घे" म्हटलं असतं, तर ती सगळीच्या सगळी आपापले रुपये घेऊन धान्याच्या दुकानांकडे धावली असती. त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं, मग त्या माणसांकडे पाहिलं.

"बदलून ठेव," तो म्हणाला. "नवा रुपया जुन्याइतकाच खरा आहे. म्हैस दिवाळीला घे."

"तुमी म्हनता म्हंजे झालं," ती म्हणाली आणि गेली.

बाजार सावरला. शिपायांचे पगार झाले. युक्ती लागू पडलेली पाहून प्रधानाने दोन महिन्यांत निम्मं तांबं घातलं, आणि मग चारातले तीन हिस्से. पोतदार तणतणत त्याच्याकडे गेला. "आता मी 'खोटा' म्हणणार."

"म्हणा ना," प्रधान शांतपणे म्हणाला. "मग आजवर काय म्हणत होता, ते लोक विचारतील. त्यांना काय सांगाल?"

पोतदार आल्या पावली परतला. ज्यांना आतली खबर होती त्यांनी एव्हाना जमिनी आणि धान्य घेऊन ठेवलं होतं. रुपया घासला की तांबूस दिसू लागला, तेव्हा बाकीच्यांना कळलं. दिवाळीला म्हैस दोनशेला गेली. प्रधानाने हुकूम काढला, म्हैस चाळीसलाच विकावी. त्याबरोबर बाजारात म्हैस दिसेनाशी झाली.

शेवटी राजाने शुद्ध चांदीचा रुपया पाडला. तांबूस दहा द्या आणि शुद्ध एक घ्या. राज्य सावरल्याबद्दल प्रधानाला शालजोडी मिळाली. बाईच्या हातात चार रुपये आले. कुणावर तरी खापर फोडायचं होतं म्हणून दवंडी पिटली: वयोमानाने पोतदाराचे कान गेले, त्यामुळे भेसळ कळली नाही, सरकार उदार होऊन त्याला घरबसल्या दरमहा चार रुपये देईल. पोतदाराने ते मुकाट्याने घेतले.

नवा रुपया खरोखर शुद्ध होता, पण कुणी तो घेईना. लोक मिठाच्या बदल्यात अंडी देऊ लागले.

महिनाभराने पोतदार त्या बाईच्या खोपटात गेला. ती बोटांना चिंध्या बांधून सूप विणत होती. तिने त्याला पाणी दिलं आणि दवंडी ऐकली होती म्हणून मोठ्याने, तोंड जवळ नेऊन विचारलं, "कसं हाय आता कानाचं?"

"माझे कान ठीक आहेत," तो म्हणाला. "तेव्हाही ठीक होते. पहिल्याच दिवशी मला ऐकू आलं होतं."

ती मागे सरकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कान गेलं म्हनून मी तुमास्नी माफ केलं हुतं, काका. आता ते बी ऱ्हायलं न्हाई." आणि तिने पुढची काडी सुपात घातली.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: घाबरलेल्यांना धीर द्यायला जो खोटं बोलतो, तो भीती घालवत नाही, फक्त पुढे ढकलतो, आणि ती शेवटी त्याच्याच पदरात पडते, ज्याने सर्वांत जास्त विश्वास ठेवला.