मागल्या पायरीवरचं पान

खाडीच्या काठाला अंबूमाय नावाची एक जोगीण मठात राहायची, विसाजी तिचा चेला, आणि पलीकडं कांदळाच्या झाडीत राहायची येसू, दोन लेकरांना घेऊन.

"पण माय, बुडालेली माणसं भात खातात का?" विसाजीनं विचारलं.

अंबूमाय केळीचं पान पुसत होती. "सकाळी पान रिकामं असतं ना?"

"कुत्रं खात असेल."

"कुत्रं पान धुऊन ठेवत नाही, बाबा."

गावाची रीतच होती. बांध फुटून माणसं गेली, की दिवेलागणीला मठाच्या मागल्या पायरीवर त्यांच्या नावानं पान मांडायचं. मांडलं की वळून बघायचं नाही.

त्या साली बांध फुटला तेव्हा राखणीला येसूचा नवरा होता. थोरली पोर त्याला भाकरी द्यायला गेलेली. दोघं गेली. येसूला गाव काही बोललं नाही, पण तिनं पुन्हा गावाच्या हातचं काही घेतलं नाही.

विसाजी मोठमोठ्या शास्त्र्यांना वादात हरवून आलेला. त्याला रीत कसली? त्या सांजेला तो वळला.

अंधारातून दोन हात पानाकडं येत होते. लहानगे, कोपरापर्यंत चिखलाचे. मागं पदरानं तोंड झाकलेली बाई.

"येसू, तू होय? लपतेस कशाला? पुढं ये, मी वाढतो."

पाणी डुचमळलं... मग तिथं कोणी नव्हतं.

दुसऱ्या सकाळी भात तसाच. तिसऱ्याही.

"मी तर भलंच केलं, माय."

"हो. मेलेल्यांत बसून जेवत होती बिचारी. तू तिला जिवंत केलंस."

विसाजीचं तोंड उतरलं. "लेकरं मरतील आता. भात घेऊन जाऊ?"

"हात रिकामे ठेव. चल."

चिखल तुडवत दोघं झोपड्याशी गेली. अंबूमाय दारात बसली.

"येसू, पान परत आल्यापासून मीही जेवले नाही. काही असेल तर दे."

लेकरं आईच्या तोंडाकडं बघत होती...

मग तिनं मडकं पुढं केलं. खाडीतली खारट मोरसाची भाजी, नुसती उकडलेली. अंबूमायनं सगळी खाल्ली. बोटं चाटली.

"माय, लेकरांचं होतं ते," विसाजी पुटपुटला.

अंबूमाय येसूला म्हणाली, "मी कुणाचं देणं ठेवून घेत नाही हो. सांजेला लेकरांना घेऊन जेवायला यायचं."

येसू कितीतरी दिवसांनी हसली. "येते."

आली. मग येतच राहिली. मठाशेजारी उंचावर गावानं तिला घर बांधून दिलं, पाणी चढणार नाही असं. पुढं बांधाची राखणही गावानं आपण होऊन तिच्याच घरात दिली. लेकरांच्या अंगावर मांस आलं. येसूच्या घरी जेवल्याशिवाय पाहुणा जात नसे.

मागल्या पायरीवर पान आता विसाजी मांडायचा. वळत नसे.

एका सकाळी तो धावत आत आला.

"माय, येसूची दोन्ही लेकरं काल आपल्या पंगतीला होती. तरी पान धुतलेलं आहे. पायरीवर ओली पावलं... एकाच पोराची. पाण्याकडून आलेली."

अंबूमायनं खाडीकडं पाहिलं.

"उद्यापासून मोठं पान घे, विसाजी. तिला बापाचंही न्यायचं असतं."