गळके मडके

सूर्य नुकताच पेटला होता, तेव्हाची गोष्ट. त्याच्याभोवतीची धूळ आणि दगड एकमेकांना चिकटत गेले आणि त्यातून थोरला शुक्र, मधली पृथ्वी आणि धाकटा मंगळ जन्मले. तिघेही निखाऱ्यासारखे लाल होते. मग ते निवू लागले आणि दुधावर साय धरावी तशी त्यांच्या अंगावर कातळाची साल धरली. तिघांच्या वाट्याला थोडेथोडे पाणी आले. ते टिकवणे हेच खरे काम होते.

शुक्राची साल अखंड बसली. पृथ्वीची जागोजागी तडकली.

“ए तडके, तू म्हणजे गळके मडके,” शुक्र म्हणाला. “पाणी ठेवणार कशात?”

“तू आपले बघ, दादा,” पृथ्वी म्हणाली.

“मी तर आतपर्यंत निवलोसुद्धा,” मंगळाने मिरवून घेतले.

तिघांच्या पोटातून धूर निघे आणि त्याची गोधडी अंगावर पडे. लहानग्या मंगळाच्या पोटात आग उरली नाही. त्याची गोधडी विरली आणि पाणी गोठले. शुक्राच्या अखंड सालीत धूर परत आत घ्यायला वाटच नव्हती, त्यामुळे त्याची गोधडी मात्र जाडच होत गेली. तो इतका तापला की त्याचे पाणी वाफ होऊन उडाले. पृथ्वीचा धूर पावसाने धुऊन दगडांत मुरवला आणि ते दगड तिच्या तड्यांनी पोटात ओढून घेतले. तिची गोधडी बेताची राहिली आणि पाणी जागच्या जागी राहिले.

फार काळाने शुक्राने गोधडीतून विचारले, “पृथ्वी, तुझ्या अंगावर ते हिरवे कसले?”

“शेवाळ आहे, दादा,” पृथ्वी म्हणाली. “गळक्या मडक्याला धरतेच.”