कुंभारणीचं स्वस्तातलं गिरमिट

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गाढवं बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकायचीसुद्धा!

डोंगरात एक गाव होतं. गावासमोर खोल दरी, दरीत ओढा आणि दरीवर एक पूल. पूल म्हणजे काय, तर अंजनाच्या लाकडाच्या दोन लांबलचक तुळया, लोखंडासारख्या कडक, आणि त्यांच्यावर आडव्या ठोकलेल्या फळ्या. पलीकडे बाजाराचं गाव.

आता गंमत ऐका. या गावात घरं मोजायची तर पुलावरच्या फळ्या मोजायचे. एक घर, एक फळी! पावसाळा संपला की जुन्या कुजक्या फळ्या काढायच्या आणि प्रत्येक घराने आपली नवी फळी आपल्या हाताने बसवायची. फळीला दोन टोकांना दोन भोकं पाडायची, ती तुळईतल्या भोकांवर आणायची आणि वरून लाकडी खुंट्या ठोकायच्या. मग घरातलं सगळ्यात जड ओझं घेऊन आपल्याच फळीवर उभं राहायचं, आणि अख्ख्या गावाने पुलावर धडाधडा पाय आपटायचे. टिकली फळी, तर धरलं घर. नाही टिकली, तर ज्या घरातून आलात त्या घरात परत जा!

त्या वर्षी पुलावर चाळीस फळ्या होत्या. आणि एका कुंभारणीला एकेचाळिसावी लावायची होती.

ही कुंभारीण आतापर्यंत भावाच्या घरात राहायची. दिवसभर माती तुडवायची, चाक फिरवायची, आणि मडकी मात्र भावाच्या नावाने विकली जायची. शेवटी एक दिवस ती आपलं चाक आणि गाढव घेऊन बाहेर पडली. गावाच्या टोकाला तिने झोपडी बांधली, भट्टी लावली.

भाऊ म्हणाला, "बघू ना, फळी लागते का तुझी. तुझा कोपरा मी झाडून ठेवलाय."

  पण तिने ठरवलं. फळी लागणार म्हणजे लागणार!

अडचण एकच होती. भोक पाडायला गिरमिट हवं, आणि ते तिच्याकडे नव्हतं. लोहाराकडचं चांगलं गिरमिट घ्यायचं तर पूर्ण भट्टीची मडकी द्यावी लागली असती. बाजारात मात्र एक फेरीवाला दोन मडक्यांना एक गिरमिट विकत होता. पातळ पातं, आंब्याच्या लाकडाची मूठ.

तिने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "खरं सांग दादा, किती टिकेल?"

"रोज वापरलंस तर महिनाभर," फेरीवाला म्हणाला. "वर्षातून एखाद्या दिवशी काढलंस तर तुझ्या केसांबरोबर म्हातारं होईल. मऊ लाकूड असलं तर हां ताई! कडक लाकडावर दादागिरी करशील तर माझ्या नावाने बोंबलायचं नाही."

"फळी सावरीची आहे. एकदम मऊ."

"मग घे की!"

गाढव कान हलवत म्हणालं, "स्वस्तातलं घेतेयस, नंतर रडशील."

"तुला केवढ्याला घेतलं होतं माहितीये? एका फुटक्या रांजणाच्या बदल्यात."

गाढवाने कान पाडले. मग म्हणालं, "घे, घे. चांगलं दिसतंय."

परत येताना वाटेत गावचा म्हातारा सुतार भेटला. त्याने ते गिरमिट पाहिलं आणि असा हसला, असा हसला, की त्याला धाप लागली.

"अगं पोरी, याने काय लोण्याला भोक पाडणार आहेस? हत्यार म्हणजे कसं पाहिजे! माझं गिरमिट माझ्या आज्याचं आहे. आजा गेला, बाप गेला, गिरमिट आहे अजून."

"काका, तुम्ही रोज भोकं पाडता. मला वर्षातून दोन पाडायचीत."

"दोन?" सुतार म्हणाला आणि मिश्कील डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिला.

"दोनच! आणि काका, तुमच्या मुलीच्या लग्नाला माझ्याकडून बोळकी नेली होतीत ना? तेव्हा म्हणालात, 'चार दिवसांचं काम आहे, कच्ची भाजलेली दे, स्वस्तात दे.' तेव्हा नाही आठवला आजा?"

गाढव इतक्या जोरात हसलं की पाठीवरचं ओझं सुटलं. सुताराचं तोंड मात्र कडू झालं. तो तरातरा निघून गेला.

कुंभारणीने त्याच दिवशी एका टाकाऊ फळीवर सराव सुरू केला. आणि पहिल्याच फटक्यात अशी चूक केली, जी फक्त कुंभारच करू शकतो. तिने लाकडावर पाणी शिंपडलं! जन्मभर मातीत हात. काही कडक वाटलं की पाणी लावायचं, हेच अंगात भिनलेलं. लाकूड फुगलं आणि गिरमिट असं अडकलं की फिरेना, निघेना.

"बाई," गाढव म्हणालं, "हे लाकूड आहे. चिखल नाही."

"कळलं मला!"

लाकूड वाळायला दोन दिवस गेले. मग गिरमिट निघालं, आणि मग ती शिकली. जोर लावायचा नाही. चार फेरे मारायचे, पातं बाहेर काढायचं, भुसा झाडायचा, पातं गार होऊ द्यायचं, परत चार फेरे. हळूहळू तिचा हात बसला. सातव्या दिवशी तिने असं गोल, गुळगुळीत भोक पाडलं की गाढवानेही डोळा लावून आरपार पाहिलं.

पुलाचा दिवस उजाडला. सगळा गाव दरीवर. कुंभारणीने सावरीची फळी मांडीखाली धरली आणि दुपारच्या आत दोन्ही भोकं पाडली. कुठे चीर नाही, कुठे तडा नाही. बायका म्हणाल्या, "अगं, सॉलिड पाडलीस की!" भाऊ लांबून नुसता बघत होता.

मग ती फळी उचलून पुलाच्या पलीकडच्या टोकाला गेली. चाळीस फळ्यांनंतर तिथे मोकळी जागा होती, लोक ती उडी मारून ओलांडायचे. तिने फळी तुळयांवर ठेवली, खाली पाहिलं, आणि फळी झटकन बाजूला सरकवली.

तुळयांना भोकंच नव्हती!

आता तुम्ही म्हणाल, एवढं कसं लक्षात आलं नाही? पण तिने लहानपणापासून काय पाहिलं होतं? भावाची जागा पणजोबांपासूनची. तुळईतलं भोक तयारच असायचं, खुंटी ठोकली की झालं. ते पहिलं भोक कुणीतरी कधीतरी पाडलेलं असणार, हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच नव्हतं. नव्या घराला दोन नाही, चार भोकं लागतात. आणि त्यातली दोन अंजनाच्या लाकडात!

तिने स्वतःचं गिरमिट लावलं. चार फेरे, भुसा, गार होऊ दे. चार फेरे, भुसा, गार होऊ दे. ऊन कलायला लागलं. दोन्ही तुळयांत भोकं झाली ती एकेक बोट खोल, आणि खुंटी तर चार बोटं आत जायला हवी. मग पातं कर्रर्र करून वाकलं. तिने ते दगडावर ठोकून सरळ केलं, परत लावलं, परत वाकलं.

तिच्या मनात एक विचार आला. खुंटी खालून तीन बोटं कापली तर? वरून डोकं तेवढंच दिसेल. कुणाला कळणार आहे? भाऊ गावाकडच्या टोकाला उभाच होता, कोपरा झाडून.

"मी एक विचारू?" गाढव म्हणालं. "त्या फळीवर जड ओझं घेऊन कोण उभं राहणार आहे?"

"तू."

"हां. नाही, सहज विचारलं."

कुंभारणीने दरीत पाहिलं. खाली ओढा सुतळीएवढा दिसत होता. तिने आजवर कच्ची बोळकी हजारो विकली होती, पण कच्चं भांडं पाण्याचा माठ म्हणून एकदाही नाही. ती उठली, वाकलेलं गिरमिट हातात घेतलं आणि सगळ्या गावासमोरून चालत थेट सुतारापाशी गेली.

"काका, तुमचं अर्धं बरोबर होतं."

"अर्धंच?" सुताराच्या भुवया वर गेल्या.

"फळीची भोकं यानेच पाडली, ती बघा, झकास आहेत. पण तुळईला हे पुरणार नाही. तुमचं गिरमिट द्या. हात माझा, हत्यार तुमचं."

 सुताराने तिच्याकडे पाहिलं, मग फळीकडे. भोकाच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला.

"त्या दिवशीच सांगायला हवं होतं मी तुला," तो हळू आवाजात म्हणाला. "चार भोकं लागतात म्हणून. पण तू मला बोळक्यांवरून ऐकवलंस ना, राग आला." त्याने कमरेचं गिरमिट काढलं. "टोक दगडाला लावू नकोस. आणि जोर खांद्यातून, मनगटातून नाही."

ती परत गेली. अंजनाचं लाकूड ते, त्या गिरमिटालाही सहजासहजी वाट देईना. तिच्या तळहातांना फोड आले, ते फुटले. तरी चार फेरे, भुसा, गार होऊ दे. चार फेरे, भुसा, गार होऊ दे. सूर्य डोंगराला टेकता टेकता दुसरं भोकही चार बोटं खोल झालं. खुंट्या ठोकल्या तेव्हा असा भरीव आवाज आला, की सुताराने लांबूनच मान डोलावली.

मग गाढवावर भरलेले दोन रांजण चढवले. गाढव थरथरत फळीवर उभं राहिलं, शेजारी कुंभारीण. आणि गावाने पाय आपटले! तुळया कण्हल्या, रांजण हिंदकळले, गाढवाने डोळे मिटून घेतले.

फळी तसूभर हलली नाही.

गावचे पाटील पुलावर आले. प्रत्येक फळीवर पाय ठेवून मोजत निघाले. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. तिथे ते जरा थांबले. मग पाऊल पुढे टाकून म्हणाले, "एकेचाळीस."

 भाऊ चालत आला, बहिणीच्या फळीवरून पलीकडे गेला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिथे कुणाला उडी मारावी लागली नाही.

पुढच्या वर्षापासून गावात घरोघरी फेरीवाल्याची स्वस्त गिरमिटं दिसायला लागली. फळीला, फडताळाला, दाराच्या खिट्टीला ती मस्त चालायची. आणि तुळईसाठी गावाने मिळून एक चांगलं गिरमिट लोहाराकडून करून घेतलं. ते सुताराच्या घरी असायचं, ज्याला लागेल त्याने मागून न्यायचं.

तर मंडळी, एवढंच लक्षात ठेवा: कधीतरीच्या हलक्या कामाला स्वस्त हत्यार खुशाल घ्या, पण जिथे कुणाचा जीव तोलला जाणार आहे तिथे चांगलंच वापरा, मग ते मागून आणावं लागलं तरी लाजू नका.