मोरीत पडलेली विळी

भांडीकुंडी आपसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. द्वारकाबाईंनी मोरीकाठी बसून विळीवर बांगडे कापले, फडक्याने पातं पुसलं आणि काकडी आणायला उठल्या. पोटुशी लेक माहेरी आली होती, तिला कोशिंबीर हवी होती.

काकडी बाईंच्या हातातच थरथरायला लागली.

"भितेस काय?" विळी म्हणाली. "बघ, मी कशी चकाकतेय!"

"चकाकतेस गं, पण तुझ्या अंगाला अजून माशाचा वास आहे. बांगडे चुलीवर उकळतील, त्यांची घाण जळेल. मी कच्चीच त्या पोरीच्या पोटात जाणार. मला लागेल ते कोण जाळणार?"

विळीला ते पटलं. बाईंना तिची भाषा कळत नव्हती, आणि त्या तर बसायला वाकल्यासुद्धा. तिने सगळा जोर लावला आणि धाडकन मोरीत कोलमडली.

"मेली नेमकी मोरीतच पडली!" बाई करवादल्या. आता घासल्यावाचून सुटका नव्हती. त्यांनी विळी साबणाने घासली, कढत पाण्याने धुतली, हातही धुतले.

लेक पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशीही विळी कान लावून होती, लेक कण्हते का, ओकते का. घरात काहीच झालं नाही. म्हणून विळीचं कौतुकही कुणी केलं नाही.